आधीच्या वक्त्यांशी सहमत

"बोला, कॉम्रेड मेंग. सुरुवात तुम्ही करा," अध्यक्ष शांग म्हणाले.

जनरल मेंग यांनी सवयीनं डावीकडे पाहिलं. तिकडे नेहमी बोलून झालेलं कोणीतरी बसलेलं असायचं. आज तिकडे भिंत होती.

सगळ्या नोकरीत मेंग बैठकीत एकच वाक्य बोलत आले होते: 'मी आधीच्या वक्त्यांशी पूर्णपणे सहमत आहे.' या वाक्यानं त्यांना कर्नलचं जनरल केलं, गाडी दिली, बंगला दिला. वर्षभरापूर्वी ते टेबलाच्या पार टोकाला, दाराजवळ बसत. मग साफसफाई सुरू झाली. क्षेपणास्त्रांचे प्रमुख गेले, मग रसदीचे, मग त्या दोघांना पकडणारे. कोणी लाच खाल्ली म्हणून गेला, कोणी ती न खाऊन बाकीच्यांना अडचणीत आणलं म्हणून. खुर्ची रिकामी झाली की मेंग एक जागा वर सरकत. शेजारी अभिनंदनाला येत, तेव्हा त्यांची बायको आतल्या खोलीत रडत बसे.

पलीकडच्या बेटावरचे लोक हे सगळं बघत होते. इकडे रोज एक सेनापती गायब होतोय म्हणजे नक्की काहीतरी मोठं शिजतंय, असं त्यांनी ठरवलं आणि तोफा किनाऱ्यावर आणल्या. तिकडे तोफा आल्या म्हणून इकडे बोटी सज्ज झाल्या. आता सामुद्रधुनी ओलांडून बेटावर फौज उतरवायची की नाही, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

खरं तर गेल्या आठवड्यातच ते ठरणार होतं. तेव्हा पहिल्या खुर्चीवर जनरल दुआन होते. ते म्हणाले, "बोटी अर्ध्या वाटेत बुडतील. ज्यांना धड बोटी बांधता येत होत्या, ते सगळे आपण तुरुंगात टाकलेत." पुढचं बोलायला त्यांना सवड मिळाली नाही. पहारेकऱ्यांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं आणि बैठक तहकूब झाली. तीच बैठक आज पुढे चालू झाली होती.

दुआन खरं बोलले होते, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मेंग यांना जरा जास्तच, कारण त्यांचा एकुलता एक मुलगा लेई पहिल्या बोटीवर होता. सकाळी कोटाची बटणं लावून देताना बायको म्हणाली होती, "अहो, खुर्ची सांभाळा नाहीतर पोरगा सांभाळा. दोन्ही काही जमायचं नाही."

मेंग यांनी खुर्ची सांभाळायचं ठरवलं. गाडीत बसल्यापासून ते 'हल्ला करावा' एवढंच घोकत आले होते. आता ते उठले, घसा साफ केला, तोंड उघडलं.

"मी आधीच्या वक्त्यांशी पूर्णपणे सहमत आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

"कोणत्या वक्त्यांशी?" अध्यक्षांनी विचारलं.

सचिव चाचरत म्हणाला, "साहेब, या बैठकीत याआधी फक्त कॉम्रेड... म्हणजे तो दुआन बोललाय."

जीभ घसरली म्हणायला अजून वेळ होता. अध्यक्ष त्याचीच वाट बघत असावेत. लेईला पोहायला मेंग यांनीच शिकवलं होतं, आणि त्याला ते कधीच नीट जमलं नव्हतं.

"त्यांच्याशीच, साहेब," मेंग म्हणाले.

पहारेकरी दारातून पुढे सरकले. पण त्याआधीच शेजारच्या खुर्चीवरचे ॲडमिरल रुआन विचारात पडले होते. हा मेंग म्हणजे आज ऊन आहे, एवढंही स्वतःच्या मनानं बोलणारा माणूस नव्हे. तो हे बोलतोय, म्हणजे अध्यक्षांनीच त्याला पढवून ठेवलंय. परीक्षा मेंगची नाही, आपली आहे. रुआन ताडकन उठले.

"मीही आधीच्या वक्त्यांशी पूर्णपणे सहमत आहे."

तिसरा उठला, मग चौथा. मागे राहील तो मरेल, हे एव्हाना सगळ्यांना उमगलं होतं. शेवटचे दोघे तर एकदमच उठले आणि एकदमच बोलले.

अध्यक्ष शांग यांनी टेबलावरून नजर फिरवली. एवढे सेनापती एका सुरात बोलतात, म्हणजे आधी कुठेतरी भेटून आलेत. सगळ्यांनाच आत टाकावं, तर टाकणार कोण? दारातले पहारेकरीसुद्धा यांच्याच पलटणीतले. त्यांनी सावकाश चहाचा घोट घेतला आणि ते हसले.

"शाब्बास. बोटी न्यायच्या नाहीत, हे मी पहिल्यापासूनच ठरवलं होतं. तुमच्या ध्यानात येतंय का, ते बघत होतो."

टाळ्या थांबता थांबेनात. मेंग यांचे डोळे भरून आले. पोरगा वाचला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या बोलण्यानं काहीतरी बरं झालंय, असं त्यांना वाटत होतं. त्या भरात त्यांना आणखी थोडा धीर आला. बाकीचे बाहेर पडू लागले, तेव्हा ते अध्यक्षांजवळ गेले.

"साहेब, मग आता दुआन यांना सोडायचं ना?"

"सोडायचं?" अध्यक्ष म्हणाले. "माझ्या मनातला बेत तो आठवडाभर आधी या खोलीत फोडून मोकळा झाला, कॉम्रेड मेंग. कालपर्यंत तो नुसता भित्रा होता. आता तो फितूर आहे. फितुराला फाशीच असते."