किसनसिंगचं धोतर

"अर्ध्या घंट्यात दाखवा सर. न्हाई जमलं तर आमी वहिनीला जीपमध्ये बसवून राहिलो," असं म्हणून किसनसिंग पुढच्याच बाकड्यावर ठाण मांडून बसला.

गोरेगावच्या जीप स्टँडवरच्या फारुकच्या हॉटेलात रविवारची दुपार होती. बाहेर जीप उभी होती आणि तिच्या टपावर जनकाबाईचं गाठोडं आधीच चढलं होतं. जनकाबाई गल्ल्याजवळ पदर तोंडाशी धरून उभी होती. किसनसिंग तिचा दीर. तो आणि तांड्यावरची चार जाणती माणसं तिला आज कायमची माहेरी धाडणार होती. कारण काय, तर पंधरा दिवसांत तांड्यावर तीनदा दोरीवरचे कपडे आपोआप पेटले होते. पहिल्यांदा प्रेमदासची चादर, मग कुणाचंसं लुगडं आणि शेवटी खुद्द किसनसिंगचं धोतर. भानामती, दुसरं काय! आणि भानामती म्हटली की बोट दाखवायला एकटी राहणारी विधवा हाताशी होतीच.

भीमराज जवळच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. दोन वर्षांपासून दर रविवारी तो या हॉटेलात चहाबरोबर विज्ञानाच्या गप्पा मारत असे. ग्रहण कसं लागतं, अंगात येतं म्हणजे नेमकं काय होतं, असले विषय. ज्याला पटत नाही त्यानं मुद्दाम यावं आणि भांडावं, असं त्याचं उघड आवतन होतं. पण भांडायला कोणी येईल तर ना! कधी चार डोकी, कधी तीन, आणि त्यातला प्रेमदास भिंतीला टेकून खुशाल घोरायचा. गेल्या महिन्यात फारुक अवघडून म्हणाला होता, "सर, बुरा मानू नका, पण पुढं रविवारी बाकडे मला गिऱ्हाइकाला लागतील."

आज मात्र, भानामतीशिवाय कपडे कसे पेटतात ते दाखवतो असं भीमराजनं कळवल्यामुळे, पाय ठेवायला जागा नव्हती. एवढी माणसं पाहून कुणाचीही छाती फुगली असती. भीमराजची मात्र जनकाबाईकडे बघायची हिंमत होत नव्हती. ही बाई आज त्या जीपमध्ये बसली तर आपल्याला जन्मभर सुखाची झोप लागणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"एक रसायन असतं," तो म्हणाला. "ते पाण्याखाली ठेवावं लागतं. औषधात विरघळवून कापडावर टाकलं, की ते औषध सुकताच आपसूक पेट घेतं. काडी लागत नाही, मंत्रही लागत नाही." त्यानं पिशवीतून एक बाटली आणि एक फडकं काढलं.

"तुमचं फडकं पेटंल हो," किसनसिंग म्हणाला. "ते तुमी घरून तयार करून आणलं असंल. माह्या रुमालावर करून दाखवा." त्यानं डोक्याचा रुमाल सोडून टेबलावर टाकला.

"हां, हे बराबर हाय," मागून दोघंतिघं ओरडले.

भीमराजनं हातमोजे चढवले, बाटली उघडली, रुमालाच्या एका कोपऱ्यावर थेंब टाकले आणि रुमाल दारासमोरच्या दोरीवर टाकला. सगळे टक लावून बसले.

पाच मिनिटं झाली. रुमाल नुसताच लोंबत होता. अर्धा तास झाला. कुणीतरी खिदळलं. बाहेर ड्रायव्हरनं जीप चालू केली.

किसनसिंग उठला. "झालं तुमचं सायन्स. चला वहिनी."

"थांबा!" भीमराज इतक्या जोरानं ओरडला की फारुकच्या हातातला चहा सांडला. "अजून पाच मिनिटं द्या. मी हात जोडतो."

लोक चकित झाले. सर कुणापुढं हात जोडणाऱ्यातले नव्हते. पण किसनसिंगनं ऐकलं नाही. त्यानं जनकाबाईचा दंड धरला आणि तिला दारापर्यंत नेलं. तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला, तेवढ्यात लसणासारखा वास सुटला. रुमालातून पांढरा धूर निघाला आणि बघता बघता कोपरा भडकला.

प्रेमदास ताडकन उभा राहिला. "आरं, माह्या चादरीला बी असाच वास मारत होता! मी तवाच म्हणलो होतो, पण ऐकतंय कोण?"

"म्हंजे कोणीतरी आणून टाकलं," मागून आवाज आला. "पण कोणी?"

"जनकाबाईच्या घराची जागा कोणाला पायजे होती?"

सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. किसनसिंगचा चेहरा पडला. "माहंच धोतर मी काहून जाळू?"

"शक येऊ नये म्हणून! आमी काय येडे हाव व्हय?"

"सर, तुमी सांगा," फारुक म्हणाला. "हे काम कोणाचं?"

भीमराजनं कपाळाचा घाम पुसला. "कसं झालं एवढंच विज्ञान सांगतं. कोणी केलं, ते मी सांगणार नाही."

"सरांचं मन मोठं हाय," कुणीसं म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

गाठोडं खाली उतरलं. किसनसिंग कुणाकडं न बघता एकटाच त्या जीपमध्ये बसून निघून गेला. फारुकनं सगळ्यांना फुकट चहा पाजला. "सर, आता रविवार तुमचा," तो म्हणाला. "मी आणखी बाकडे बनवून घेतो."

माणसं पांगली. भीमराजला इतकं हलकं वाटत होतं की त्याचे डोळे भरून आले. तो बाटली कापडात गुंडाळत असताना जनकाबाई जवळ आली.

"काकू, आता तुम्हाला कोणी बोट लावणार नाही," तो म्हणाला.

जनकाबाईनं फारुक मोरीकडं गेल्याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "त्या सकाळी तुमी किसनसिंगच्या धोतरापाशी उभे होते, तवा मी गोठ्यात शेण काढून राहिले होते सर. आता पुढल्या रविवारी माणसं जमवायला काय पेटवणार तुमी?"