प्लास्टरला सक्त मनाई

साच्याची शेवटची फळी निघाली आणि मुलगी मटकन सिमेंटच्या पोत्यावर बसली. वाचनालयाची दर्शनी भिंत मधोमध फसली होती. काँक्रीट साच्यात नीट उतरलंच नव्हतं. सगळी खडी उघडी पडली होती आणि भिंत दात विचकून हसत असल्यासारखी दिसत होती.

शेजारच्या पोत्यावर तिचे वडील बसले होते. तीस वर्षं गवंडीकाम केलेले, त्यातही हात खास प्लास्टरचा. त्यांनी लिंपलेल्या भिंतीवरून बोट फिरवलं तर कुठे कण लागायचा नाही. भिंत संपली की खाली कोपऱ्यात, ओल्या प्लास्टरमध्ये, ते अंगठा दाबायचे. तीच त्यांची सही. अशा हजारो अंगठ्यांवर मुलगी आर्किटेक्ट झाली, आणि झाल्या झाल्या तिने काय केलं, तर प्लास्टरच बंद केलं! जे काँक्रीट इमारत पेलतं तेच लोकांना दिसावं, वर मुलामा नको, रंग नको, अशी तिची श्रद्धा. वाचनालयाच्या समितीला ती पटली. जरा जास्तच पटली. करारात कलम आलं की कुठेही प्लास्टर आढळल्यास इमारत ताब्यात घेतली जाणार नाही. फाटकावर पाटी लागली, ‘प्लास्टरला सक्त मनाई’. वडिलांना आत यायची मुभा होती, त्यांच्या थापीला नव्हती. ते रोज यायचे, पोत्यावर बसायचे आणि उघड्याबोडक्या भिंती पाहून संकोचाने मान खाली घालायचे.

"समिती सोमवारी येतेय," मुलगी म्हणाली. "माझी पहिलीच इमारत. ही नाकारली, तर दुसरी मला कोण देणार, बाबा?"

वडील उठले. त्यांनी खडी नखाने टोकरून पाहिली, मग हातोडीने ठोकून पाहिली.

"भिंत दणकट आहे. नुसतं तोंड खराब झालंय. मी लिंपतो."

"प्लास्टर?"

"प्लास्टर न केल्यासारखं प्लास्टर."

मुलीने इकडेतिकडे पाहिलं आणि फाटकाला आतून कडी लावली.

दोन दिवस वडील भिंतीपुढून हलले नाहीत. लाकडाच्या रेषा उमटाव्यात म्हणून त्यांनी ओल्या प्लास्टरवर जुनी फळी दाबली. फळ्यांच्या सांध्यातून ओघळ यावा तसा ओघळ काढला. हवेचे बुडबुडे राहिल्यासारखी दिसावीत म्हणून दाभणाने भोकं पाडली. ती पाडताना त्यांच्या जिवावर येत होतं. "जन्मभर बुडबुडे मारले," ते पुटपुटले, "आता पोरगी म्हणते, पाडा." पण पाट्या टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मुलगी म्हणाली, शंभर भोकं पुरे. त्यांनी चारशे पाडली.

काम संपलं. सवयीने त्यांचा अंगठा कोपऱ्याकडे गेला.

"बाबा! अंगठा नाही!"

वडिलांनी अंगठा मागे घेतला आणि उगाचच पँटला पुसला. मुलीला वाईट वाटलं. पण सोमवार तोंडावर होता.

सोमवारी समितीची तीन माणसं आली. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते. काँक्रीटवर त्यांनी चार ग्रंथ लिहिले होते. भिंत एकही बांधली नव्हती. बाकीच्या सहा भिंती कोऱ्या प्लायवुडच्या साच्यात ओतलेल्या, नितळ, डाग नाही की ओरखडा नाही. एकेक भिंत पाहताना अध्यक्षांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते दर्शनी भिंतीपाशी आले. त्यांनी चष्मा काढला, भिंतीला गाल लावला आणि डोळे मिटले.

"हे काँक्रीट!" ते गहिवरून म्हणाले. मग डोळे उघडले. "आणि त्या सहा भिंती? इतकी गुळगुळीत भिंत आपोआप होत नसते, बाई. कुणीतरी मोठ्या सफाईने प्लास्टर केलंय. आठ दिवसांत त्या या भिंतीसारख्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर तुमची इमारत तुम्हालाच लखलाभ."

उरलेल्या दोघांनी वहीत लिहिलं, ‘सहा भिंती खोट्या.’

मुलीने मनाचा हिय्या केला.

"सर, उलटं आहे. त्या सहा खऱ्या आहेत. प्लास्टर फक्त याच भिंतीला आहे. माझ्या वडिलांनी केलंय."

"पुरावा?"

"ते प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्यात अंगठा..." ती बोलता बोलता थांबली. पण तोवर तिघेही गुडघ्यांवर बसले होते.

कोपरा कोरा होता. वडील आपल्या अंगठ्याकडे पाहत उभे होते.

"वडिलांचा अभिमान असावा," अध्यक्ष गुडघे झटकत म्हणाले. "पण म्हणून काँक्रीटने केलेलं काम त्यांच्या नावावर खपवू नये."

समितीची गाडी गेली. दोघं पुन्हा पोत्यांवर येऊन बसली.

"सहा भिंती," वडील म्हणाले. "आठ दिवस." चेहरा गंभीर ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. जमला नाही.

मुलगी फाटकाशी गेली. तिने पाटी काढली, उलटी केली आणि तिच्यावरच सिमेंट-वाळू कालवायला घेतली. मग थापी वडिलांच्या हातात दिली.

"आणि बाबा, या वेळी प्रत्येक कोपऱ्यात अंगठा हवा."

"अगं, समितीला दिसला तर?"

"दिसू दे. काँक्रीटला आपोआप उमटला म्हणून सांगू. खरं सांगून पाहिलं की आपण."