पिवळ्या पट्ट्यांचा मासा

“टाकीत सोडला की बाकीचे उरणार नाहीत, असा एखादा मासा दे,” फहमी म्हणाला.

शहाता मासेवाल्यानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. अलेक्झांड्रियाच्या शुक्रवारच्या बाजारात त्यानं तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. हे नवीनच होतं.

“लोक उलटं मागतात, उस्ताझ. गरीब स्वभावाचा दे म्हणतात.”

“मला गरीब नको.”

शहातानं जाळीनं एक पिल्लू काढलं. बोटाएवढं, लिंबासारखं पिवळं, अंगावर काळे पट्टे. मलावी सरोवरातली जात. “आत्ता बाळ आहे. नर निघाला तर वर्षभरात काळा पडेल, आणि माझा हात नरावरच पडतो. मग टाकी त्याच्या बापाची. एक तर तो राहील, नाहीतर बाकीचे.”

फहमीला माशांतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला आपला जुना सोबती विसा कळत होता. बंदराच्या कचेरीत दोघांनी तीस वर्षं शेजारच्या टेबलांवर नकाशे काढले होते. विसाच्या मुलाशी, रफिकशी, फहमीच्या लेकीचा, इरीनीचा साखरपुडा झाला होता. लग्नाला तीन आठवडे उरले असताना रफिक कॅनडाला निघून गेला. इरीनी महिनाभर खोलीबाहेर आली नाही. विसा एवढंच म्हणाला, “पोरगा माझं ऐकत नाही रे.” त्या दिवसापासून फहमीनं त्याच्याशी बोलणं टाकलं, ते दोन वर्षं.

विसाचा सगळा जीव त्याच्या टाकीत होता. त्याच सरोवरातले तीसएक मासे, वीस वर्षं पिढ्यान्‌पिढ्या जपलेले. भांडखोरच जात ती, पण विसानं त्यांना धाकात ठेवलं होतं. कुठे घाव घालायचा हे फहमीला बरोबर ठाऊक होतं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी झकीच्या कहवाखान्यात त्यानं ती पाण्याची पिशवी विसापुढे ठेवली. विसानं ती उजेडात धरली. बराच वेळ पाहत राहिला.

“तू आणलास? स्वतः जाऊन?”

“दिसला देखणा, म्हणून घेतला.”

“देखणा आहे खरा,” विसा म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. उठून त्यानं फहमीला मिठी मारली. फहमीनंही त्याच्या पाठीवर थोपटलं. पोटात एक आणि ओठात एक, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच जमलं होतं.

दर गुरुवारचा डॉमिनोचा डाव पुन्हा सुरू झाला. पुढे इरीनीचं तांता शहरातल्या एका औषधवाल्याशी लग्न झालं. ती सुखात पडली, जाडसुद्धा झाली. फहमीचा राग कधी विरघळला, त्याला कळलंही नाही. मागे उरली ती नुसती त्या माशाची धास्ती. तो शहाताकडे धावला.

“उपाय आहेत की,” शहाता म्हणाला. “टाकीतले सगळे दगड हलवा, मग आपलं बीळ कुठलं ते त्याला आठवत नाही. गर्दी वाढवा, म्हणजे मार वाटला जातो. नाहीतर दहा दिवस वेगळा ठेवा. परत आला की पाहुण्यासारखा वागतो.”

फहमी एकेक उपाय उसन्या शहाणपणासारखा कहवाखान्यात घेऊन जाई. विसा मान हलवी.

“त्यापेक्षा तो मला परतच दे ना,” एकदा फहमी म्हणाला.

“दिलेली भेट परत मागतोस? लाज आहे का काही? तुझा मासा मजेत आहे. माझ्यापेक्षा जास्त खातो.”

“आणि बाकीचे?”

“तेही आपापल्या घरी सुखात. खेळ, तुझा डाव आहे.”

त्याच सुमारास झकीच्या गल्ल्याशेजारी काचेची छोटी टाकी आली. आत चार निळे मासे, विसानं दिलेले. न्हाव्याला सहा मिळाले, चर्चच्या धर्मगुरूंना, अबूनांना, आठ. वाटायला पुरतील इतकी पिल्लं होताहेत याच्या माशांना! फहमीला जरा झोंबलंच, पण हायसंही वाटलं. म्हणजे शहातानं फसवलं, मादीच दिली असणार.

एकच गोष्ट टोचत होती. विसा घरी बोलवत नव्हता. पूर्वी चार पिल्लं झाली तरी हात धरून ओढत न्यायचा. आता कधी बायकोचा, तेरेझचा, गुडघा आड यायचा, कधी घराची रंगरंगोटी. चोराच्या मनात चांदणं. याला कळलंय, फहमी स्वतःशी म्हणे. आज सांगून टाकू, पाया पडू. शब्द ओठापर्यंत येई आणि डाव संपे. असे दोन हिवाळे गेले.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात, ट्रामच्या थांब्यावर उभ्याउभ्या, विसाचं हृदय बंद पडलं.

तिसऱ्या दिवशी अबूना विसाच्या घरभर प्रार्थनेचं पाणी शिंपडून गेले. बिनसाखरेची कॉफी हातात घेऊन फहमी टाकीसमोर उभा राहिला. सहा हात लांब टाकी, काठापर्यंत रचलेले दगड. आत एकच मासा. कोळशासारखा काळा, अंगावर फिकट निळा पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालणारा.

फहमीनं कप खाली ठेवला. सगळे मारले यानं. मीच मारले.

“उम्म रफिक,” तो रफिकच्या आईला म्हणाला, “मला काही कबूल करायचंय. हा मासा...”

“तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” तेरेझ शेजारी येऊन उभी राहिली. “तुम्हाला कुठलं कळायला! पण ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, हा मोठा झाला की एकालाही जगू देणार नाही. म्हणून हा काळा पडायच्या आत त्यांनी आपले सगळे मासे वाटून टाकले. मी म्हटलं, अहो, त्यापेक्षा हा एकटाच देऊन टाका. तर माझ्यावरच चिडले.”

तिनं बाहीनं काच पुसली.

“म्हणाले, ‘फहमीनं मला माफ केलं, त्याची एवढीच खूण आहे माझ्याकडे. आणि त्याला घरी बोलावू नकोस. रिकामी टाकी पाहिली तर बिचाऱ्याला वाईट वाटेल.’”