पाणी पडेपर्यंत

"विचारणार नाही म्हणजे नाही," टायची गाठ पुन्हा सोडत उल्फार म्हणाला.

"विचारू नकोस. तुझा चेहरा गावाला विचारत फिरतोयच," योरुन म्हणाली. तिनं गाठ आपल्या हातात घेतली आणि जरा जास्तच आवळली.

त्यांच्या सोल्वेगला मुलगा झाला होता आणि अजून त्याला सगळे 'पोरगा' एवढंच म्हणत. नाव कळणार ते बाप्तिस्म्याला, डोक्यावर पाणी पडताना. तोवर आईबापांनी तोंड उघडायचं नाही आणि इतरांनी विचारायचं नाही. झोप तेवढी उडवून घ्यायची. पहिल्या मुलाला बहुधा आजोबाचं नाव मिळतं. पंचाईत एवढीच, की सोल्वेगला बाप दोन होते.

पहिला क्यार्तान. ती लहान असतानाच त्याला आइसलंडची हवा सोसेना म्हणून तो नॉर्वेला गेला, आणि तिथली हवा त्याला मानवली. दुसरा उल्फार. त्यानं तिला पोहायला शिकवलं, मासा साफ करायला शिकवलं, तिच्यासाठी मास्तरांशी भांडण केलं. ती त्याला 'उल्फार'च म्हणायची. 'बाबा' हा शब्द नॉर्वेच्या फोनसाठी राखीव होता. आणि पोहण्याच्या शर्यतीत बक्षिसाला नाव पुकारलं जायचं ते सोल्वेग क्यार्तान्सदोत्तिर. दोत्तिर म्हणजे मुलगी. इथे आडनावं नसतात. बाप घरात असो नसो, नावात असतो.

नातवाची बातमी ऐकून क्यार्तान परत आला होता, बाबागाडी घेऊन. दोन मेंढ्या आरामात झोपल्या असत्या अशी गाडी.

गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पैजा लागल्या. "उल्फार, तुझं काही खरं नाही," होग्नी मासेवाला म्हणाला. "शेवटी रक्त ते रक्त."

"मला काय फरक पडतो?" असं म्हणून उल्फार नाकापर्यंत पाण्यात गेला.

चर्चमध्ये तो ताठ बसला. निश्चय झाला होता: नाव कुणाचंही येवो, मान खाली घालायची नाही. पलीकडच्या बाकावर क्यार्तान होता, नव्या सुटात.

"बाळाचं नाव काय?" पाद्रीबाईंनी विचारलं.

सोल्वेगचा आवाज अजिबात हलला नाही. "क्यार्तान."

उल्फारनं मान खाली घातली नाही. उलट हात लांब करून क्यार्तानचा हात हातात घेतला. "अभिनंदन."

"हं," क्यार्तान म्हणाला आणि बुटांकडे बघत राहिला. जिंकलेल्या माणसाच्या मानानं चेहरा पडलेला होता. फार आनंद झाला की होतं तसं, उल्फारनं स्वतःला समजावलं.

पाणी पडलं. पोरगा, म्हणजे क्यार्तान, जोरात रडला. पाद्रीबाईंनी हात वर करून प्रार्थना सुरू केली: "या बाळावर कृपा असो, आणि त्याची आई सोल्वेग उल्फारसदोत्तिर हिच्यावर..."

उल्फार उठून उभा राहिला. दिवस क्यार्तानचा होता, निदान तो तरी धड पार पडायला हवा होता.

"माफ करा, पाद्रीबाई. आईचं नाव चुकलं तुमचं."

पाद्रीबाईंनी सोल्वेगकडे पाहिलं. सोल्वेग बाळाचं डोकं पुसत राहिली.

योरुननं कोट धरून नवऱ्याला खाली ओढलं. "बस खाली," ती हळूच म्हणाली. "बापानं तरी पोरीचं नाव चुकू नये."