पाहुण्यांसमोर

सकाळी नऊला मॉन्क्टनचं पर्यटन माहिती केंद्र उघडलं. कॅनडात पहिल्यांदाच आलेल्या ऑस्ट्रेलियन जोडप्याला तिथे काम करणारी ओडेट सांगत होती, "इथे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा चालतात. पण दुकानात शिरताना आधी 'बोंझूर' म्हणा, आम्हा फ्रेंच लोकांना बरं वाटतं."

तेवढ्यात तिचे वडील आल्देओ दारातूनच फ्रेंचमध्ये ओरडले, "अगं वेंधळे, डबा घरीच राहिला तुझा!"

खोलीत एक जरी इंग्रजी बोलणारा असला तरी सगळ्यांनी इंग्रजीवर यायचं, ही गावातल्या फ्रेंच घरांची जुनी सवय. ओडेट दबक्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, "बाबा, पाहुणे आहेत. इंग्रजीत बोला ना."

आल्देओंनी डबा टेबलावर ठेवला. ऑस्ट्रेलियन बाई त्यांच्याकडे पाहून हौसेने म्हणाली, "बोंझूर!" त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, बाईला उत्तर म्हणून नुसती मान हलवली आणि ते निघून गेले. ओडेटला मान वर करवेना.

दुपारी तिने घरी फोन लावला आणि फ्रेंचमध्ये विचारलं, "बाबा, रागावलात?"

पलीकडून आल्देओ अडखळत, एकेक शब्द जुळवत, इंग्रजीत म्हणाले, "नाही. तू जेवलीस?"