बोटांचा जोर

“नुसतं शिंपडू नकोस, झाबेता. बोटांनी चोळ. आत मुरलं पाहिजे.”

सासूला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण अथेन्सच्या त्या दवाखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या झाबेताला तिचा आवाज अगदी कानाशी ऐकू आला. कारण समोरच्या डॉक्टरीणबाईंनी नुकतंच तिच्या मुलाला विचारलं होतं, डोळे चोळायची सवय आहे का?

“आहे,” याकोवोस लगेच म्हणाला. “मीच चोळतो. वाईट खोड आहे.”

डॉक्टरीणबाई हसल्या. याकोवोसच्या बेटावरची, पिर्गोस गावची संगमरवर कोरणारी पोरं त्यांच्या चांगलीच ओळखीची होती. “तुम्ही गॉगल डोळ्यांना नाही, कपाळाला लावता. आणि धूळ गेली की कणीक मळावी तसे डोळे मळता.”

मग त्यांनी कागदावर डोळा काढून समजावलं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे आला होता. असा पडदा काहींचा जात्याच कच्चा असतो, पण चोळण्यानं तो आणखी झिजतो. डावा डोळा अजून हातात होता. थेंब घालून त्यावर निळसर प्रकाश सोडला, की पडदा घट्ट होतो आणि दुखणं तिथंच थांबतं. त्यावर कडक भिंग बसवलं, की कामापुरतं दिसतं. काहींना पडद्याच्या आत बारीक कमानी बसवता येतात. उजव्या डोळ्याला मात्र यातलं काहीच चालणार नव्हतं. तिथं वण पडला होता. एखाद्या गेलेल्या माणसाच्या डोळ्याचा पडदा मिळेपर्यंत वाट पाहायची, एवढंच उरलं होतं.

“दोन वर्षं आधी आला असतास, तर हाही डोळा वाचवला असता,” त्या म्हणाल्या.

झाबेतानं दोन्ही हात पिशवीखाली घेतले. डोळ्यांची राखणदार संत परास्केवी. तिच्या देवळाच्या झऱ्याचं पाणी ती बाटलीत भरून ठेवी. मुलगा लहान असताना धुळीनं त्याचे डोळे खाजायचे, तेव्हापासूनचा हा नेम. संध्याकाळची घंटा झाली की त्याला समोर बसवायचं, प्रार्थना म्हणायची आणि त्या पाण्यानं डोळे चोळायचे. तापात असतानाही तिनं नेम मोडला नव्हता. पाण्यात काही खोट नव्हती. जोर तिच्या बोटांचा होता.

ती दोघं परतीच्या बोटीत बसली. आंद्रोस बेट मागे पडल्यावर तिला तोंड उघडता आलं.

“तू डोळे चोळत नाहीस. कधीच नाही.”

याकोवोस तिळाच्या कडबोळ्याचे तुकडे करत होता. त्यानं एक तिच्यापुढे धरला. तिनं घेतला नाही. तेव्हा त्यानं हळूहळू सगळं सांगितलं. बेटावरच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच त्याला बजावलं होतं, की डोळ्याला कुणाचं बोट लागता कामा नये आणि लगोलग अथेन्स गाठ. तो घरी आला होता. संध्याकाळी घंटा झाली होती. ती बाटली घेऊन बाहेर आली होती. आणि तो नेहमीसारखा तिच्यासमोर बसला होता.

“का?” तिनं विचारलं. “का बसलास रे?”

“बाबा दगडाखाली गेले, त्यानंतर तू तेवढ्यासाठीच खोलीबाहेर यायचीस, आई. तेही थांबलं असतं, तर तू आलीच नसतीस.”

त्यानं तिला रडू दिलं. मग म्हणाला, की आता बाटली बंद, म्हणजे तू परत दार लावून बसणार. ते चालायचं नाही. संध्याकाळी त्याला एका पायरीच्या तीन दिसतात. चौकातल्या चिनारापर्यंत उतरायला कुणाचा तरी हात लागतो. तो हात तिनं द्यावा, रोज. झाबेतानं नवऱ्याच्या अंत्ययात्रेनंतर चौक पाहिला नव्हता. तिथं माणसं असत. ती विचारपूस करत. पण तिनं शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. तिनं संतापुढचा दिवा लावला. बाटलीला हात लावला नाही. बोटं उगाचच एकमेकांत अडकत होती. तिनं काळा रुमाल डोक्याला बांधला आणि ती उंबरठ्यावर आली. याकोवोस उभाच होता. तिनं त्याचं कोपर धरलं.

समोरच्या सज्ज्यातून फ्लोराबाई ओरडली, “अगो बाई, जिवंत आहेस होय? मी तर तुझ्या वाटचं कॉफीचं भांडं सुद्धा कुणाला देऊन टाकणार होते.” झाबेतानं मान हलवली. एवढंच जमलं.

याकोवोस बोलत बोलत उतरत होता. वळणावर तो आपसूक उजवीकडे झाला. फुटकी पायरी त्यानं न बघता टाळली. एका ठिकाणी बोगनवेलीची फांदी वाटेत लोंबत होती, तिथं त्यानं डोकं बरोबर वेळेवर खाली घेतलं. एकदाही त्याचा पाय अडखळला नाही, चाचपडला नाही. लहानपणापासून रोज वडिलांमागून धावून ही वाट त्याच्या पायांना पाठ झाली होती. त्याला कुणाच्या हाताची गरज नव्हती.

झाबेताला ते कळलं. ती क्षणभर थांबली. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं, तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून डोळे बारीक करून.

तिनं त्याचं कोपर पुन्हा नीट धरलं.

“जपून,” ती म्हणाली. “इथं पायरी आहे.”