जावईबापूंची उचलबांगडी

शस्त्रांच्या दलालाला परक्या देशातून गुपचूप उचलून आणायला मेजर आणि त्यांचे तीन कमांडो हमालांच्या वेशात त्याच्या सासुरवाडीत शिरले, पण खोल्या पालथ्या घालूनही तो सापडेना. खाली दाराशी त्याचे बंदूकधारी रखवालदार होते. तेवढ्यात मटार सोलणारी सासू मेजरांच्या कानाशी लागली, “हमालांच्या बुटांना कधी पॉलिश असतं का? जावयालाच न्यायला आलात ना? न्या बाबांनो. वर्षभर फुकट खातोय आणि वर माझ्याच स्वयंपाकाला नावं ठेवतोय.” मग अनोळखी कुणी आलं की जावयाला आत लपवून ती बाहेरून कुलूप लावायची, ते कपाट वाजवून ती गोडीगुलाबीने म्हणाली, “जावईबापू, तुम्हाला शोधायला माणसं आलीत. कपाटासकट सुखरूप बाहेर काढते. शिंकूसुद्धा नका.” जिन्यात कपाट अडलं, तेव्हा खुद्द रखवालदारांनी खांदा दिला. ट्रक निघताना सासूबाई खिडकीतून ओरडल्या, “सावकाश न्या. कपाट तेवढं परत हवंय.”